आवाज बंद करून पाहिलेली बातमी

गंगापूर रोड, नाशिक
८ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र परवा आलं. माझ्या तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि बाकी सगळे प्रश्न खुनाचे. कान गेले म्हणून तू फोन सोडलास हे मी समजू शकते, पण येवल्यात लेकीकडे, आभाकडे बसून नाशिकच्या कोर्टातली बातमी तुला माझ्याआधी कशी कळते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

हो, धनराज सांगळेचा खटला माझ्याकडे आला आहे. सरकारी वकील झाल्यापासून इतकं मोठं प्रकरण पहिल्यांदाच हातात आलंय, त्यामुळे थोडी फुशारकी आणि बरीचशी धास्ती अशी अवस्था आहे. खाली जे लिहितेय ते सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलेलंच आहे, तेव्हा भाचीने गुपितं फोडली असा बोभाटा करू नकोस.

धनराज इथल्या एका स्थानिक वृत्तवाहिनीचा बातमीदार. गेल्या श्रावणात गोदावरीला पूर आला, त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत तो रामकुंडाच्या घाटावरून थेट बोलताना साऱ्या शहराने पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मृतदेह टाकळीच्या पुढे नदीत सापडला. डोक्यात मागून घाव होता. पाण्यात राहिलेल्या देहावरून डॉक्टरांना मृत्यूची वेळ नेमकी सांगता आली नाही. पण सहाला तो टीव्हीवर होता, म्हणजे खून त्यानंतरचा. इथवर सगळं सरळ आहे.

आरोपी सोमा नावाचा सुरगाण्याकडचा मजूर. धनराजने नदीतल्या वाळूचोरीची बातमी केली, त्यात ट्रॅक्टरमध्ये वाळू भरताना सोमाचा चेहरा दिसला. ठेकेदाराने स्वतःचे हात झटकले आणि सोमाला कामावरून काढलं. म्हणजे धनराजवर राग असायला कारण आहे. त्या संध्याकाळी अंधार पडताना तो नांदूरच्या बाजूला, नदीकाठी धनराजच्या मोटारसायकलपाशी दिसला होता. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला बसस्टँडवर पकडलं तेव्हा त्याच्या अंगात धनराजचा रेनकोट होता. पाठीवर वाहिनीचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेला.

तो रेनकोट मला छळतोय. खून करून त्याच माणसाचा, नाव छापलेला कोट घालून कुणी भर बसस्टँडवर उभं राहतं का? पोलीस म्हणतात, अडाणी आहे, त्याला काय कळतंय. सोमाने फक्त एवढंच सांगितलं, "पाऊस लय व्हता. कोट गाडीवर टांगेल व्हता, घातला."

आणि हो, तुझे चिरंजीवही साक्षीदार आहेत. ते थेट प्रक्षेपण आल्हादनेच चित्रित केलं होतं. हा माझा मावसभाऊ, हे मी कचेरीतल्या साहेबांना आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, वेळ सिद्ध करण्यापुरती औपचारिक साक्ष आहे, चालेल. त्याला पिंजऱ्यात उभं करून, लहानपणी सुट्टीत माझ्या सायकलची हवा कोण सोडायचं हेही विचारून घेणार आहे.

तुझी,
यशू


येवला
१५ जून २०२५

चि. यशूस अनेक आशीर्वाद.

हवा आल्हादच सोडायचा. त्यासाठी कोर्टाचा वेळ घालवू नकोस.

मला बातम्या कशा कळतात म्हणतेस, तर ऐक. आभाकडचा टीव्ही माझ्यासाठी दिवसभर मुका चालू असतो. आवाज वाढवला तर घरचे वैतागतात आणि मला तरी काय ऐकू येणार? शेजारी पैठणीचा माग आहे, त्याचे ठोके मला फरशीतून पायाला कळतात, तेवढाच माझ्या वाट्याचा आवाज. पण टीव्ही मुका पाहायला लागल्यापासून एक गंमत कळली आहे. बोलणारा माणूस बोलण्यापुरता खरा असतो, त्याच्या मागे जे चाललेलं असतं ते बघण्यासारखं असतं. परवा एक पुढारी छातीवर हात ठेवून काही सांगत होते आणि मागे त्यांचा माणूस जांभया देत होता. मला त्यातच सगळं भाषण कळलं.

घाटाचं नाव काढलंस आणि मला घरची आठवण झाली. तू पुण्यात वाढलीस, तुला आमच्या पंचवटीच्या तऱ्हा ठाऊक नाहीत. मी लग्न होऊन तीर्थोपाध्यायांच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या पावसाळ्यात एकच शिकवलं. सकाळी उठून आधी खिडकीतून दुतोंड्या मारुतीकडे बघायचं, मग चहा ठेवायचा. नदीत उभा असलेला एवढा थोरला मारुती, आमची पट्टी तीच. पाणी त्याच्या पावलांना लागलं की पुरुषमंडळींनी घाटावरचे पाट, आसनं आणि छत्र्या वर आणायच्या. गुडघ्याला आलं की बाहेरगावच्या यजमानांना दुसरीकडे उतरवायचं. कमरेला आलं की खालच्या खोलीतलं धान्य माळ्यावर. धरणातून किती पाणी सोडलं ते आकडे रेडिओ सांगायचा, पण आम्ही मारुतीलाच विचारायचो.

आता माझे प्रश्न. तो ठेकेदार त्या संध्याकाळी कुठे होता? सोमाच्या घरी कोण कोण आहे? आणि ज्या माणसाने एवढी मोठी चोरी उघडी पाडली, त्याला वाहिनीने पाऊसपाण्याच्या बातमीला घाटावर का धाडलं?

आंब्याचं लोणचं संतोष ड्रायव्हरच्या हाती एसटीने पाठवते आहे. स्टँडवर वेळेवर जा, मागच्या वेळी बरणी सिन्नरच्या कुणाच्या तरी घरी गेली.

तुझी मावशी,
सरोजिनी


गंगापूर रोड, नाशिक
२६ जून २०२५

प्रिय मावशी,

लोणचं पोचलं. बरणीला या वेळी माझं नाव दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं पाहून संतोष ड्रायव्हर बराच वेळ हसत होता.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. ठेकेदाराचं नाव समाधान शेठ. पोलिसांनी आधी त्याच्याकडेच पाहिलं होतं, पण तो दुपारी चारपासून रात्रीपर्यंत रक्तदान शिबिराच्या मांडवात होता. शेकडो माणसं, हारतुरे, फोटो. सहाला धनराज जिवंत असेल, तर समाधान शेठचा या खुनात हात असणं शक्य नाही. धनराजला पुराच्या बातमीवर धाडण्यात विशेष काही नाही, छोट्या वाहिनीत एकच माणूस सगळं करतो. घाटावरचं काम संपवून तो नांदूरला वाळूचे ढीग बघायला गेला असावा.

सोमाच्या घरी म्हातारी आई आहे, अक्काबाई. बायको आणि पोरं गावाकडेच असतात. अक्काबाई प्रत्येक तारखेला सुरगाण्याहून पहिल्या गाडीने येते आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहते. पोलिसांच्या कागदांत तिचा आणि गावकऱ्यांचा जबाबही आहे. त्या दिवशी सोमा दुपारपर्यंत सगळ्या पाड्याबरोबर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला चिखलात उभा होता, मग पुन्हा काम मिळतं का बघायला नाशिकच्या बसमध्ये बसला आणि संध्याकाळी उतरला. जबाब खरा असेल, पण उपयोग काय? खून सहानंतरचा, आणि सहानंतर तो नाशिकमध्येच होता.

गेल्या तारखेला एक चमत्कारिक गोष्ट घडली. अक्काबाईने मला वाकून नमस्कार केला आणि पदरातून तांदळाची पुरचुंडी काढून पुढे केली. मी घेतली नाही. तेव्हा म्हणाली, "बाई, सरकारनं तुमाला दिलंय ना आमच्यासाठी? तुमी सोडवा त्येला." मावशी, सरकारी वकील म्हणजे गरिबांना सरकारने दिलेला वकील, असं ती समजून चालली आहे. सोमाला कायद्याने दिलेला खरा वकील तिच्या शेजारूनच गेला, त्याला ती ओळखतही नाही. कारकुनाने हाक मारली आणि मी सुटले, खरं सांगायचं तर पळाले.

तुझी एक मदत हवी. धनराजचं ते शेवटचं प्रक्षेपण वाहिनीच्या पानावर आजही सगळ्यांसाठी आहे, श्रद्धांजली म्हणून ते परत परत दाखवतात. आभाच्या फोनवर पाठवते आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की धनराजची वाक्यं मला पाठ झाली आहेत. तू ते तुझ्या पद्धतीने मुकं बघ आणि मागे काय दिसतं ते लिही.

तुझी,
यशू


येवला
५ जुलै २०२५

चि. यशूस आशीर्वाद.

पाहिलं. मुलगा देखणा होता, डोळ्यांत हुशारी होती. फार वाईट झालं. मागे नदी आहे, माणसं आहेत, सांगण्यासारखं विशेष काही नाही. माझ्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, तेव्हा माझ्या बघण्यावर फार विसंबू नकोस.

इथे पाऊस बरा आहे. कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं म्हणून आभाचे सासरे चिंतेत आहेत.

एक सहज विचारते. पोलिसांपुढे एखाद्याने काही चुकीचं सांगितलं असेल, वाईट हेतूने नव्हे, तर त्याचं काय होतं? आमच्या ओळखीत एकांचं तसं झालं आहे.

मावशी


गंगापूर रोड, नाशिक
१९ जुलै २०२५

प्रिय मावशी,

एवढं छोटं पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस. एकही प्रश्न खुनाबद्दल नाही म्हणजे डोळ्याचा त्रास बराच वाढलेला दिसतो. मी इथल्या डॉक्टरांशी बोलले आहे, मोतीबिंदूचं आता काही अवघड राहिलेलं नाही. तू ये, चार दिवस माझ्याकडे राहा, ऑपरेशन उरकून टाकू. घाबरलीस का? घाबरण्यासारखं खरंच काही नाही, आणि मी असेन बरोबर.

तुझ्या ओळखीतल्या गृहस्थांसाठी फुकटचा सल्ला. पोलिसांना दिलेला जबाब शपथेवर नसतो. कोर्टात उभं राहायच्या आधी त्यांनी स्वतःहून जाऊन खरं सांगितलं, तर बोलणी खावी लागतील, कदाचित थोडं भोगावंही लागेल, पण निभावेल. शपथ घेऊन तेच खोटं पुन्हा सांगितलं की गोष्ट वेगळी. आणि त्या खोट्यावर कुणी दुसरा तुरुंगात गेला असेल, तर मी त्यांच्या जागी असते तर एक दिवसही थांबले नसते.

आमच्याकडे साक्षी सुरू झाल्या. सोमाला जन्मठेप होईल असं सगळ्यांना वाटतंय. माझे साहेब खूश आहेत, मी मात्र त्या रेनकोटावरच अडले आहे. आल्हादची साक्ष ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. हल्ली तो माझा फोन उचलत नाही, बहुधा सायकलच्या प्रश्नाला भ्यायला.

तुझी,
यशू


येवला
३ ऑगस्ट २०२५

सरकारी वकील यशश्रीबाई यांस,

भाचीला लिहायचं धैर्य नाही, म्हणून हे पत्र वकिलाला लिहिते.

मोतीबिंदू वाढलेला नाही. मला त्या चित्रात सगळं स्वच्छ दिसलं होतं. धनराजच्या उजव्या खांद्यामागे, जिथे लाल पट्टीवर 'थेट' असं लिहून येतं तिथे, तिच्या वर दुतोंड्या मारुती आहे. पाणी नुकतं त्याच्या पावलांना लागलं आहे. पायऱ्यांवर छत्र्या उभ्या आहेत आणि पाटही मांडलेले आहेत. आमचे शेजारी बुवा आपल्या जागेवर बसून यजमानाकडून संकल्प सोडवून घेत आहेत.

आणि त्या दिवशी दुपारी चारला माझ्या पुतण्याने, गौरांगने, घरच्या खिडकीतून फोटो काढून आभाला पाठवला होता. पाणी मारुतीच्या छातीला होतं. छत्र्यांचा पत्ता नव्हता. धान्य माळ्यावर चढवल्याचंही त्याने लिहिलं होतं. आभाने मला तेव्हाच दाखवला होता आणि मी देवाला हात जोडले होते. चारला छातीला असलेलं पाणी सहाला पावलांना कसं येईल? ते चित्र संध्याकाळचं नाही. दुपारी पाणी सोडण्याच्या आधीचं आहे.

हे मला पहिल्याच वेळी दिसलं. नंतर दहादा पाहिलं ते माझं चुकलं असावं म्हणून. चुकलं नव्हतं. मग आठवलं की हे चित्र काढलं कुणी. आणि मी तुला लिहिलं की विशेष काही नाही.

मग तुझं पुढचं पत्र आलं, 'एक दिवसही थांबले नसते' असं लिहिलेलं, आणि त्यात तू माझ्या डोळ्याची काळजी करत होतीस. त्याची मला इतकी शरम वाटली की मी आल्हादला येवल्याला बोलावून घेतलं. आला तो दारात चप्पल नीट जोडीने लावून आत आला. जन्मात कधी चप्पल सरळ काढली नाही त्याने, तेव्हाच समजले की ह्याला माहीत आहे मी का बोलावलं ते. ओठांवरून मला कळलं असतं, पण त्याने मान वर केलीच नाही, म्हणून पाटी दिली. आभाच्या पोरांच्या पाटीवर तो लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा.

त्यांच्या वाहिनीत रोजची पद्धतच अशी आहे, म्हणाला. दुपारी मोकळ्या वेळात चित्रित करून ठेवायचं आणि संध्याकाळी 'थेट' अशी पट्टी लावून सोडायचं. बोलताना वेळ सांगायची नाही, पाऊस किती पडतोय तेही सांगायचं नाही, म्हणजे कधीही खपतं. एवढ्या बारीक कोपऱ्यात कोण बघतंय? त्या दिवशी एकच्या सुमारास दोघांनी घाटावर काम उरकलं. धनराज म्हणाला, नांदूरला जाऊन येतो, आणि गेला. आल्हाद एकलहऱ्याला गेला, वीज केंद्रातल्या एका साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभाचं चित्रीकरण करायला. बाहेरची कामं घेतलेली मालकाला चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, आपलं प्रक्षेपण थेटच असतं. आणि ह्यानेही मान हलवली की हो, सहाला मी घाटावर होतो. त्याला वाटलं, आरोपी तर सापडलाय, रेनकोटासकट. चार-पाच तासांनी कुणाचं काय बिघडतंय?

मी पाटीवर लिहिलं, 'सोमाचं.' ते त्याने पुसलं नाही.

यशू, तो वाईट नाही. पण हे मी आई म्हणून म्हणते आणि आई म्हणून मी महिनाभर गप्पही बसले, तेव्हा माझ्या म्हणण्याला किंमत देऊ नकोस. सोमवारी तो तुझ्याकडे येईल. त्याला घरी चहाला बोलावू नकोस, कचेरीत भेट.

सरोजिनी


गंगापूर रोड, नाशिक
१७ ऑगस्ट २०२५

मावशी,

आल्हाद सोमवारी आला. कचेरीत भेटले, साहेबांना शेजारी बसवून. मी एकही प्रश्न विचारला नाही, साहेबांनी विचारले. नंतर दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा रीतसर जबाब झाला. पाटबंधारेवाल्यांकडून पाणी सोडल्याच्या वेळा मागवल्या, गौरांगचा फोटो मागवला. एकलहऱ्याच्या त्या निवृत्त साहेबांनी समारंभाचं चित्रीकरण दिलं, त्यात हार घालणाऱ्यांच्या मागे आरशात कॅमेरा घेतलेला आल्हाद दिसतो आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजलेत. तू म्हणतेस तसं, मागेच बघायला हवं.

सगळा खटला एका दिवसात उलटला. धनराजला एकनंतर कुणीही जिवंत पाहिलेलं नाही. समाधान शेठ मांडवात आला चारला, आणि एक ते चार कुठे होता हे त्याला सांगता येईना. त्याच्याच ट्रॅक्टरवरचा एकजण आता बोलायला लागला आहे, खून दुपारीच झाला म्हणून. सोमा त्या वेळी आधी चिखलात, सगळ्या पाड्यासमोर, आणि मग नाशिकच्या बसमध्ये होता. त्याची सुटका पहिल्या दिवसापासून आमच्या कागदांत होती आणि आम्ही सगळे शिकलेले लोक एका लाल पट्टीवर विश्वास ठेवून बसलो होतो. अधिक तपासाचा अर्ज कोर्टाने मंजूर केला. सोमाला जामीन मिळाला.

खटला आता माझ्याकडे नाही. मुख्य साक्षीदार मावसभाऊ, त्यातून असा, म्हणून मीच सोडला. वाईट वाटतं. पहिलाच मोठा होता.

आणि मावशी, मी तुझ्यावर रागावले आहे. हे न लिहिता पत्र संपवणं खोटं होईल. मी तुलाच विचारलं, कारण तुझ्याइतकं कुणी बघत नाही. तुला पहिल्याच वेळी दिसलं आणि तू मला कांद्याची चाळ लिहिलीस. त्या महिन्यात तो माणूस आत होता. तू शेवटी लिहिलंस, आल्हादला पाठवलंस, हेही मला कळतं. दोन्ही एकदमच कळतंय, त्याला मी काय करू?

जामिनाच्या दिवशी अक्काबाईने पुन्हा मला गाठून नमस्कार केला. या वेळी मी पळाले नाही. मी तिला सांगितलं की मी तुमची वकील कधीच नव्हते, मी तुमच्या मुलाच्या विरुद्ध उभी होते. तिने विचारलं, "मंग येवढे दिस मी कुनाच्या पाया पडत व्हते?"

तारखेला आलीस तर माझ्याकडेच उतर. राग घरात ठेवायला माझ्याकडे जागा आहे.

यशू


येवला
१४ डिसेंबर २०२५

चि. यशूस अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला आईकडे होतीस म्हणून तुझ्याकडे उतरले नाही, नाहीतर उतरणार होते. राग काढायला बरं पडलं असतं.

परवा आल्हादची साक्ष झाली. मी मुद्दाम गेले. कोर्ट मला टीव्हीसारखंच, मुकं. तुझ्या जागी आलेले नवे वकील विचारत होते, आल्हाद सांगत होता. एकदाही त्याने खाली पाहिलं नाही. आता आरोपी झालेल्या समाधान शेठचे वकील उठले तेव्हा त्याच्या कपाळाला घाम आला, पण तो थांबला नाही. त्याची नोकरी गेली, तुला माहीतच आहे. हल्ली देवळालीला फोटो स्टुडिओत जातो आणि पोटापुरतं मिळवतो. त्याचं मला काही वाटत नाही.

मी ज्या बाकावर बसले होते, तिथेच पलीकडे अक्काबाई होती. तू वर्णन केलं होतंस म्हणून ओळखली. मला ऐकू येत नव्हतं आणि तिला तिथली भाषा कळत नव्हती. अशा आम्ही दोघी आपापल्या लेकाच्या तोंडाकडे बघत शेजारी बसलो. सोमा पिंजऱ्यात उभा होता. जामिनावर असला तरी तारखेला उभं राहावंच लागतं. त्याच्यावरचा खटला मागे घ्यायचा अर्ज आहे, पुढच्या तारखेला सुटेल असं म्हणतात. किती बारीक आहे तो. मला कोण जाणे का, धिप्पाड वाटला होता.

साक्ष संपल्यावर आम्ही व्हरांड्यात आलो. आपल्या पोराला सोडवणारा साक्षीदार तो हा, असं कुणीतरी अक्काबाईला सांगितलं असावं. ती आली आणि एकदम आल्हादच्या पायाशी वाकली. आल्हाद मागे सरला, भिंतीला टेकला. तेव्हा मी बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा लागतो ते कळत नाही, आभा म्हणते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. मी म्हटलं, "बाई, ह्याच्या पाया पडू नका. ह्याच्याच खोटेपणाने तुमचा मुलगा वर्षभर आत होता. आणि माहीत झाल्यावर एक महिना माझ्यामुळे."

ती उठली. पदर नीट केला. आधी आल्हादकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती.

यशू, कान गेल्यापासून मी माणसांचे ओठ बघून जगते. समोरचा काय म्हणतो ते शंभरातलं नव्वद मला कळतं. कुणाचं काय चाललंय हे बघायची माझी हौस तुला ठाऊक आहे, तू त्यावरून मला किती चिडवलंस. पण अक्काबाई माझ्याशी बोलत होती तेव्हा मी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही. मी खाली पाहत राहिले. तिच्या पायांना भेगा होत्या आणि एका पायात पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली चप्पल होती, तेवढंच मी पाहिलं. मान वर केली तेव्हा ती सोमाचा हात धरून पायऱ्या उतरत होती.

आल्हादला पिशवीतली पाटी दिली, म्हटलं, लिही काय म्हणाली ते. त्याने पाटी घेतली आणि तशीच कोरी परत दिली.

तू कोर्टात जातेस, तुला कुणी ना कुणी सांगेलच ती काय बोलली ते. सांगितलं तर ऐकून घे. मला लिहू नकोस.

तुझी मावशी,
सरोजिनी